आपला चिकट भात आणि पुण्यातली सुशी

भात जरा चिकट झाला की आपला जीव कसा खालीवर होतो, नाही? पाहुणे पानावर बसलेले, वरणाची वाटी भरलेली, आणि डाव घालावा तो भाताचा गोळाच्या गोळा वर यावा! "आज पाणी जरा जास्त झालं हं," असं पुटपुटत आपण तो मोकळा करायला बघतो आणि तो आणखीच आसट होतो. बारामती-इंदापूरकडून भोर-वेल्ह्यात दिलेल्या मुलींना तर हा अनुभव पहिल्याच महिन्यात येतो. माहेरी कोलमचा फडफडीत भात पाहिलेला, आणि इथं शिजवायची इंद्रायणी. दोष पाण्याचा नसतो, मैत्रिणींनो, तो त्या तांदळाच्या जातीचा गुण असतो. पण हे सांगणार कुणाला? घरात कार्य निघालं की आपणच घरच्या शेतातला तांदूळ बाजूला सारून बासमती आणायला सांगतो.

आता गंमत ऐका. पुण्यात कल्याणीनगर, कोरेगाव पार्क, बाणेर या भागांत जपानी पदार्थांची हॉटेलं निघाली आहेत आणि तिथल्या आचाऱ्याची सारी इभ्रत भात नीट चिकटतो की नाही यावर असते. पदार्थाचं नाव सुशी. नाक मुरडू नका. "सुशी म्हणजे कच्चा मासा" असं आपण ऐकून असतो, पण तो शब्द माशाचा नाहीच. तो आंबट चवीवरून आला आहे. शिर्का, साखर आणि मीठ लावलेला भात म्हणजे सुशीचा पाया. त्यावर मासा ठेवा, काकडी ठेवा नाहीतर अंड्याची वडी ठेवा. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना जपानीत साशिमी म्हणतात आणि तो पदार्थ वेगळा.

पण हे सारं महागाचं. आठ तुकड्यांच्या एका थाळीला पाच-सातशे रुपये सहज पडतात. तेव्हा नव्या हॉटेलात पहिल्यांदा जायचं तर त्यांच्या "हॅपी अवर्स"मध्ये जावं, असं माझं मत आहे. दुपारची जेवणं उरकलेली असतात, रात्रीची गर्दी व्हायची असते, खुर्च्या रिकाम्या आणि वाढपी मात्र पगारी उभे. म्हणून साधारण चार ते सात या वेळात काही पदार्थांवर आणि पेयांवर सवलत ठेवतात. हा शब्दप्रयोग रूढ झाला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकन नौदलात. बोटीवर कंटाळलेल्या खलाशांसाठी गाणी, कुस्त्या, मुष्टियुद्ध असा करमणुकीचा कार्यक्रम असायचा, त्याला ते म्हणत "हॅपी अवर". दारूशी त्याची जोडी पुढे जमली.

चार ते सात! आपल्या घड्याळात ही वेळ कुणाची असते, सांगा बरं? दळण आणायचं, मुलांचा डबा उघडून तो परत का आला ते विचारायचं, चहा, देवापाशी दिवा, आणि कुकर. दुपारची वामकुक्षी तरी आपली म्हणता येते. चार ते सात ही वेळ सगळ्यांची असते, फक्त आपली नसते. म्हणून या सवलतीत खरा प्रश्न पैशांचा नाहीच. घरात काय सांगून निघायचं, हा आहे. "पुण्याला जरा काम होतं," असं सांगून निघणाऱ्या पुष्कळ आहेत. मी म्हणते, सरळ सांगावं : आम्ही तिघी सुशी खायला चाललोय, रात्री खिचडी तुम्ही लावा, तांदूळ-डाळ धुऊन ठेवली आहे. आमच्या ह्यांनी "काय खायला?" असं दोनदा विचारलं आणि मग पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं. आभाळ काही कोसळलं नाही.

जायचं कसं तेही सांगते. भोरहून स्वारगेट पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ते आपल्या पथ्यावर पडतं. वेल्ह्याकडच्या मैत्रिणींना (२०२५ मध्ये तालुक्याचं नाव राजगड झालं, पण बोलताना अजून वेल्हेच तोंडी येतं) नसरापूरवरून यायचं, किंवा पाबे घाट उतरून खडकवासल्याच्या बाजूनं. स्वारगेटला सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो आली आहे. तिथं बसावं, सिव्हिल कोर्टाला गाडी बदलावी आणि कल्याणीनगरला उतरावं. उन्हाची एक पायरी चढावी लागत नाही, सरकते जिने आहेत. परतीच्या एसटीची वेळ मात्र जातानाच विचारून घ्यावी, कारण वेल्ह्याच्या गाड्या मोजक्या, आणि "हॅपी अवर्स" संपण्याआधी ती गाडी सुटली तर आनंदाची वेळ स्वारगेटच्या बाकावर काढायची पाळी येईल.

आम्ही तिघी होतो. मी, माझ्या वेल्ह्याच्या थोरल्या जाऊबाई आणि शेजारच्या काकू. काकू एकादशीवाल्या, जाऊबाई सगळं खाणाऱ्या. जाऊबाईंचं मुद्दाम सांगते, कारण त्या स्वतः भाताच्या खाचरात उभ्या राहणाऱ्या. राब भाजण्यापासून मळणीपर्यंत सगळं त्यांच्या हातचं. जुलैत डोक्यावर इरलं घेऊन, पोटरीभर चिखलात वाकून लावणी करायची, तीही रोज, हे ज्यांनी केलंय त्यांना भाताबद्दल शहाणपण शिकवायला जाऊ नये.

आत गेल्यावर पहिला अडसर बाटल्यांचा. भिंतभर बाटल्या मांडलेल्या, आणि सवलतीच्या पाटीवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत त्यांचीच नावं. काकू दारातच थबकल्या. त्यांचं थबकणं मला समजतं. महाराष्ट्रात बायका मतदान करून गावातलं दारूचं दुकान बंद करू शकतात, "आडवी बाटली" हे शब्द आपल्याला पाठ आहेत. आणि त्याच आपण इथं उभ्या बाटल्यांसमोर पर्स मांडीवर घेऊन बसायचं? मी एवढंच म्हणेन की खायला गेलेल्या बाईला प्यायची सक्ती कुणी करत नाही. लिंबू-सोडा मागितला तर तो पोरगा हसत आणून देतो. ज्यांना घ्यायचं असेल त्यांनी कायदा ठाऊक ठेवावा : आपल्या राज्यात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पुरी लागतात. आणि "एकावर एक फुकट" यातली मेख ओळखावी. पहिला पेला आपल्या इच्छेचा असतो, दुसरा हॉटेलच्या.

दुसरा अडसर म्हणजे यादी. सवलत सगळ्या पदार्थांना नसते, हे आधी विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी ती ठरावीक पाच-सात पदार्थांना, सोमवार ते शुक्रवार, तिथं बसून खाणाऱ्यांनाच असते. मागणी शेवटची किती वाजता घेणार, तेही विचारा. आणि न लाजता विचारा की मासा आज उघडलाय का, की दुपारचा उरलाय. सवलत म्हणजे शिळं खपवणं, असं सगळीकडे नसतं. पण विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी शिळं वाढत नाही, हा मंडईतला नियम इथंही चालतो.

नावांनी घाबरून जाऊ नका. निगिरी म्हणजे हातानं दाबलेला भाताचा लांबट मुटका आणि वर माशाचा काप. माकी म्हणजे गुंडाळी. भात आणि सारण समुद्री शेवाळाच्या काळ्या पापडात गुंडाळून आपल्या अळूवडीसारखे काप करायचे. हा काळा पापड म्हणजे नोरी. उरामाकीत भात बाहेर आणि नोरी आत. टेम्पुरा म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेली कोळंबी किंवा भाजी, म्हणजे भजीच की! पहिल्यांदा जाणाऱ्यांनी टेम्पुराची गुंडाळी, काकडीची गुंडाळी आणि एखादी निगिरी एवढंच मागवावं.

थाळी आली. भाताचे मुटके, त्यावर काळे तीळ. काकू चरकल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण माझ्याही मनात तेच आलं. भाताचा गोळा आणि काळे तीळ आपण कुठं एकत्र पाहतो ते काय सांगायचं! गंमत अशी की जपानी माणसालाही भाताबाबत नेमका असाच एक संकोच आहे. भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, कारण तसा भात ते मृतासमोर ठेवतात. भात खाणाऱ्या लोकांचं मरणही भाताशीच बांधलेलं असतं, तिथं काय आणि इथं काय. तिळाचं म्हणाल तर वाढप्याला सांगितलं की पांढरे लावून देतात.

खायचं हातानं. हो, हातानं! काड्यांची कसरत करत बसू नका. निगिरी बोटांनी उचलून खाणं जपानमध्येही रीतीला धरून आहे. सोयाबीनचं काळं खारट पाणी वाटीत येतं, त्यात भात बुडवायचा नाही, नाहीतर तो तिथंच विरघळतो. माशाची बाजू जरा टेकवायची. ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनी तेही थेंबभरच, कारण त्यात मीठ रग्गड असतं. गुलाबी आल्याचे पापुद्रे म्हणजे गोडसर शिर्क्यात मुरवलेलं आलं. दोन घासांमध्ये तोंड स्वच्छ करायला ते असतं. आणि ती हिरवी गोळी! तिला वासाबी म्हणतात. आमच्या मागच्या टेबलावरच्या एका बाईंनी कोथिंबिरीची चटणी समजून चमचाभर घेतली आणि पुढची पाच मिनिटं त्या रडत होत्या. मोहरी फेसून लोणच्याला लावताना नाकात जो झटका बसतो ना, तोच हा. मोहरीच्याच कुळातलं झाड आहे ते. अस्सल वासाबी फार महाग असल्यानं बाहेरदेशी बहुतेक ठिकाणी मोहरी-कुळातलंच दुसरं एक तिखट मूळ किसून, हिरवा रंग घालून देतात.

जाऊबाईंनी निगिरी उचलली, माशाचा काप बाजूला केला आणि आधी नुसता भात खाल्ला. सावकाश. मग म्हणाल्या, "तांदूळ नवा न्हाई. औंदाचा आसता तर ह्यास्नी पानी कमी लागलं आसतं, आन् शीत आजून धरलं आसतं." काचेपलीकडे भात वळणारा मुलगा आसामचा होता. मोडक्या हिंदीत त्याला हे सांगितलं तर त्याचा चेहरा उजळला. त्याच्याकडे बोरा नावाचा अतिचिकट तांदूळ सणावाराला लागतो, म्हणे. भात शिजल्यावर तो पसरट भांड्यात काढायचा, लाकडी उलथण्यानं कापल्यासारखा हलवायचा, कालवायचा नाही, आणि त्याच वेळी पंख्यानं वारा घालायचा म्हणजे शितांवर चकाकी येते, हे त्यानं आम्हाला दाखवलं. जाऊबाई म्हणाल्या, वाफ कोंडली की भात घामेजतो हे त्यांना ठाऊकच आहे. दोघांची भाषा एक नव्हती, पण बोलणं पुष्कळ वेळ चाललं.

थोडा इतिहास सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सुशीचं मूळ जपानमध्ये नाही; आग्नेय आशियात, मेकाँग नदीच्या बाजूला भातशेतीच्या मुलखात असावं असं अभ्यासक मानतात. पावसात खाचरातून मासे मिळायचे, ते टिकवायचे कसे? मीठ लावून भातात दाबून ठेवायचे. भात आंबायचा, त्या आंबटपणानं मासा महिनोन् महिने टिकायचा. खाताना भात टाकून द्यायचे आणि मासा खायचे! जपानमध्ये बिवा सरोवराकाठी अजून या पद्धतीचा पदार्थ करतात आणि त्याचा वास आपल्या सुक्या बोंबलाला लाजवील असा असतो. वेल्ह्याकडे पहिल्या पावसात ओढ्यातून वर येणारे चढणीचे मासे धरायला पोरं धावतात, ते पाहिलेल्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. पुढे जपानी लोकांनी आंबवण्याऐवजी भाताला शिर्का लावायला सुरुवात केली. १८२० च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हानाया योहेई याच्या नावाशी निगिरी जोडली जाते. रस्त्यावरच्या गाडीवर, उभ्याउभ्या, हातानं खायचा पदार्थ. थोडक्यात, त्या गावचा वडापाव! मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात २००४ साली जपानी उपाहारगृह निघालं तेव्हा हा वडापाव आपल्याकडे पंचतारांकित होऊन आला.

त्या काळ्या नोरीची गोष्ट तर प्रत्येक लग्न झालेल्या बाईनं ऐकावी अशी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या किनाऱ्यावर नोरीचं पीक बुडालं. हे शेवाळ उन्हाळ्यात जातं कुठं आणि पुन्हा उगवतं कसं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ते कोडं १९४९ मध्ये सोडवलं कॅथलीन ड्रू-बेकर या इंग्रज बाईनं. शेवाळाचा उन्हाळी अवतार शिंपल्यांच्या आत सूक्ष्म रूपात राहतो, हे तिनं दाखवून दिलं आणि त्यावरून जपान्यांनी नोरीची रीतसर शेती सुरू केली. ही बाई मँचेस्टर विद्यापीठात शिकवायची; १९२८ मध्ये तिनं लग्न केलं आणि नोकरी गेली, कारण लग्न झालेल्या बाईला नोकरीत ठेवायचं नाही असा तिथला नियम होता. बिनपगारी संशोधक म्हणून तिनं काम चालू ठेवलं. ती जपानला कधीच गेली नाही. १९५७ मध्ये वारली. कुमामोतो प्रांतात उतो गावी तिचं स्मारक आहे, दरवर्षी १४ एप्रिलला तिथं उत्सव होतो आणि तिला "समुद्राची आई" म्हणतात. त्याच जपानमध्ये बायकांचे हात गरम असतात म्हणून त्यांनी सुशी वळू नये, असं आतापर्यंत सांगत आले आहेत! २०१० मध्ये टोकियोत फक्त बायकांनी चालवलेलं सुशीचं हॉटेल निघालं तेव्हा त्याची बातमी झाली. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटणाऱ्या आपल्या हातांबद्दल त्यांनी काय म्हटलं असतं, कोण जाणे.

आता जरा काळजीचं. कच्च्या माशात जंत असू शकतात. म्हणून चांगल्या ठिकाणी समुद्रातला मासा आधी गोठवून मारक थंडीत ठेवतात; अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक आहे, उणे २० अंशांत सात दिवस. आपल्या घरच्या फ्रिजचं दार दिवसातून वीस वेळा उघडतं, तो ही थंडी धरील याचा भरवसा नाही. तेव्हा घरी कच्च्या माशाचा प्रयोग अजिबात नको. भाटघर, पानशेत, वरसगावच्या पाण्यातले रोहू, कटला, चिलापी तर कधीच कच्चे खाऊ नयेत. गोड्या पाण्यातल्या माशांतले काही जंत यकृतात घर करतात. त्यांचं कालवणच बरं. दिवस गेलेल्या बायकांनी, लहान मुलांनी, म्हाताऱ्यांनी आणि आजारातून उठलेल्यांनी हॉटेलातही शिजलेल्या माशाची किंवा भाजीची सुशी घ्यावी. "क्रॅब स्टिक" लिहिलेलं दिसलं तर तो खेकडा समजू नका. दुसऱ्याच माशाच्या लगद्याला रंग देऊन केलेली ती वडी असते. वेल्ह्याचा पावसाळी खेकडा खाल्लेलीला ती फसवू शकत नाही.

आणि काकूंसारख्या शाकाहारी मैत्रिणींसाठी : "व्हेज" शब्दावर विसंबू नका. मिसो नावाचं सोयाबीनचं सूप दिसतं वरणासारखं, पण त्याचं पाणी बहुधा सुकवलेल्या माशाचं असतं. नारिंगी रंगाचे राईएवढे दाणे म्हणजे माशाची अंडी. पांढरी चटणी मेयोनीजची असली तर अंडं विचारा. तळण एकाच तेलात होतं का, तेही विचारा. काकूंनी काकडीची आणि बटरफळाची गुंडाळी खाल्ली, पाणी साधं मागितलं आणि "भात छान आहे, पण आमटी हवी होती," असा निकाल दिला.

बिल आलं. "सर्व्हिस चार्ज" लावलेला दिसला तर तो सक्तीचा नाही, हे ध्यानात ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये तसं बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. काढायला सांगितलं की काढतात. मुलानं सेवा चांगली केली असेल तर त्याच्या हातात पन्नास रुपये वेगळे द्यावेत, ते मला जास्त आवडतं.

जाऊबाईंनी बिल हातात घेतलं आणि विचारलं, "ह्यात तांदूळ किती?" मी हिशेब मांडला. आठ तुकड्यांच्या गुंडाळीला शिजलेला भात फार तर सव्वाशे ग्रॅम, म्हणजे कोरडा तांदूळ पन्नास-साठ ग्रॅम. साठ-सत्तर रुपये किलोची आपली इंद्रायणी धरली तर तीन-चार रुपये. अर्थात मासा विमानानं येतो, जागेचं भाडं असतं, त्या मुलाचं कसब असतं. हे सगळं त्यांनाही कळतं. पण त्यांच्या शेजारची दोन खाचरं गेल्या वर्षी शेतघरासाठी विकली गेली, बांधावर तारेचं कुंपण आलं आहे, आणि त्यांच्या मुलालाही विचारणा होते आहे. तीन-चार रुपयांचा आकडा त्यांनी पुन्हा एकदा मोठ्यानं म्हटला आणि डब्यातलं आलं खाल्लं.

मी त्यांना जपानचं सांगितलं. २०२५ मध्ये तिथं तांदळाचा भाव आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट झाला. कृषिमंत्री ताकु एतो एका सभेत बोलून गेले की आपल्याला तांदूळ कधी विकत घ्यावा लागत नाही, समर्थक भेट देतात. झालं! लोक एवढे खवळले की मे महिन्यात त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुण्यात नोकरीला गेलेल्या आपल्या कित्येक घरांत गावाकडून पोतं येतं, त्यांनीही ही गोष्ट ऐकून ठेवायला हरकत नाही.

इंद्रायणी हा तसा नवा तांदूळ. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहोराचा वास आणि चिकटपणा आईकडून, भरघोस उतारा बापाकडून, असं समजा. तो अस्सल सुशीच्या जपानी तांदळाइतका धरत नाही, पण घरी करायला पुरेसा आहे. म्हणून कृती देते.

इंद्रायणी, शक्यतो नव्या हंगामाची, एक वाटी. पाणी निवळ दिसेपर्यंत चार-पाच वेळा धुवा, अर्धा तास भिजवा आणि निथळा. सव्वा वाटी पाणी घाला (तांदूळ जुना असेल तर दीड), झाकण घट्ट ठेवून मंद आचेवर शिजवा. कुकरच्या शिट्ट्या नकोत. दहा मिनिटं न उघडता वाफेवर मुरू द्या. दीड मोठा चमचा शिर्का, एक मोठा चमचा साखर, अर्धा लहान चमचा मीठ एकत्र विरघळवून ठेवा. तांदळाचा शिर्का मिळाला तर उत्तम. साधा पांढरा असेल तर एकच चमचा घ्या आणि एक चमचा पाणी. भात परातीत काढा, हे पाणी शिंपडा आणि उलथण्यानं कापत हलवा. वारा घालायला मुलांना बसवा, त्यांना ते आवडतं. कोमट झाला की बांबूच्या चटईऐवजी स्वच्छ पंचावर प्लॅस्टिकचा कागद घालून त्यावर नोरी ठेवा, मोदक वळताना लावतो तसा पाण्याचा हात लावून भात पातळ थापा, वरची बोटभर कड मोकळी सोडा, मध्ये काकडी, गाजर आणि पनीरच्या लांब कांड्या ठेवून घट्ट गुंडाळा. सुरी ओली करून आठ काप करा. फ्रिजमध्ये ठेवू नका, भात दगड होतो; आणि दुसऱ्या दिवसावरही ठेवू नका.

नोरीचं पाकीट पुण्यातल्या मोठ्या दुकानांत मिळतं. एकदा उघडलं की ती डब्यात, घट्ट झाकणाखाली ठेवावी. भोरच्या पावसात ती तासाभरात मऊ पडते; तशी पडलीच तर टाकू नका, पापडासारखी गॅसच्या मंद आचेवरून दोन्ही बाजूंनी एकेकदा फिरवा, पुन्हा कुरकुरीत होते.